खुशबूदार चहा : वास विकावा, पत्ती झाकू नये

अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांच्या बाजारपेठांत अलीकडे एक नवी धावपळ दिसते. किराणा दुकानाच्या फळीवर साध्या चहाच्या पाकिटाशेजारी इलायची चहा, अद्रक चहा, मसाला चहा, लिंबू चहा अशी पाकिटे वाढत चालली आहेत. मोठ्या कंपन्यांचा माल तर आहेच. पण आपल्याच भागातील काही होतकरू तरुण खुली पत्ती आणून, तिला वास लावून, स्वतःच्या नावाचे पाकीट काढू लागले आहेत. यात कापडाच्या धंद्यातील घराण्यांची मुलेही आहेत. कापडाचे किरकोळ दुकान पूर्वीसारखे चालत नाही. गिऱ्हाईक घरबसल्या फोनवरून माल मागवते. अशा वेळी मुलांनी दुसरा व्यवसाय शोधावा हे योग्यच असून आम्ही त्याचे स्वागत करतो. परंतु जे नाव दोन पिढ्या कापडाच्या ताक्यांवर चालले, तेच आता पाव किलोच्या पाकिटावर छापले जाणार असेल, तर त्या पाकिटात काय आहे हे अगोदर तपासले पाहिजे. त्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

कापडवाल्याने चहावर का बोलावे, असे कोणी विचारील. आमच्या धंद्यात ताका उलगडण्यापूर्वी गिऱ्हाइकासमोर चहा येतो आणि त्याच्यासोबत आम्हालाही घ्यावा लागतो. नांदगाव पेठेजवळच्या ठोक कापड बाजारात बसा की अकोल्याच्या जुन्या पेढीवर बसा, दिवसाचे सात-आठ कप कोठे गेले नाहीत. पण खरे कारण दुसरे आहे. हलक्या सुताच्या कापडाला भरपूर कांजी दिली की ते हाताला भरदार लागते, पहिल्या धुण्यापर्यंत ग्राहक खूश असतो आणि नंतर कापडाची जाळी होते. म्हणून जाणता व्यापारी कापडाचा तुकडा धुऊन, चोळून, उजेडात धरून पाहतो. चहातील वासाचे काम बहुतेक वेळा याच कांजीसारखे चालते. चांगल्या पत्तीवर दिलेला वास ही सजावट आहे. हलक्या किंवा शिळ्या पत्तीवर दिलेला वास हे झाकण आहे. दोन्ही पाकिटे उघडताना सारखीच दरवळतात, आणि फसगत तेथेच होते.

पत्ती आपली नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे

आपल्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी होते, पण चहा होत नाही. चहाची पत्ती आसाम, दुआर्स किंवा दक्षिणेतील निलगिरीकडून येते. कोलकात्याचा चहा लिलाव १८६१ पासून चालत आलेला आहे. गुवाहाटीचा १९७० मध्ये व सिलिगुडीचा १९७६ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे खपणारा बहुतेक माल सीटीसी पद्धतीचा, म्हणजे पान चिरडून, फाडून आणि वळवून केलेला दाणा असतो. हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात निघाले आणि त्यानेच कडक, लवकर रंग देणारा, दुधात टिकणारा चहा देशभर पोचविला. दाण्याच्या खाली चाळणीतून जी बारीक भुकटी पडते तिला डस्ट म्हणतात. डस्ट म्हणजे कचरा नव्हे. तीही प्रतवारीच आहे, आणि चांगल्या बागेची डस्ट वाईट बागेच्या दाण्यापेक्षा सरस निघते. हॉटेलवाल्यांना ती परवडते, कारण ती झटपट रंग सोडते.

याचा अर्थ असा की वऱ्हाडच्या व्यापाऱ्याला पत्ती पिकवावयाची नाही. त्याने करावयाची कामे तीनच: पत्ती निवडणे, तिचे मिश्रण साधणे आणि हवा असल्यास वास देणे. यातील पहिले काम ज्याला येत नाही त्याने तिसऱ्याला हात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चाखावे कसे?

आम्ही पाच जणांनी मिळून बाजारातील रोजच्या वापराचे खुशबूदार चहा चाखले. तिघे कापडवाले, एक किराणा व्यापारी व एक चहाचे हॉटेल चालविणारे गृहस्थ. पाकिटे झाकून कपांना फक्त नंबर दिले, म्हणजे नावाचा दबाव राहिला नाही. चहाच्या चाचणीसाठी जी आंतरराष्ट्रीय रीत ठरलेली आहे तीच घेतली: दर १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती, झाकून ६ मिनिटे, मग गाळून पांढऱ्या चिनी मातीच्या कपात. दूध नाही, साखर नाही. प्रत्येक कप गरम असताना, कोमट झाल्यावर आणि पूर्ण थंड झाल्यावर असा तीनदा चाखला. मधे पाण्याने चूळ भरावी व चार मुरमुरे खावेत, म्हणजे जीभ कोरी होते.

दूध-साखरेशिवाय चहा म्हटला की आपल्याकडे लोक तोंड वेडेवाकडे करतात. परंतु आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना मौलाना आझाद यांची ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे ठाऊक आहेत. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात १९४२ नंतरच्या कैदेत ही पत्रे लिहिली गेली व १९४६ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांत मौलानांनी दुधाविना घेतलेल्या चिनी चमेलीच्या चहाचे कौतुक केले आहे आणि दूध-साखर घालून चहाचा पातळ हलवा करणाऱ्यांची चेष्टाही केली आहे. चमेलीचा चहा हाही वास दिलेलाच चहा. पण चीनमधील जुनी रीत अशी की पत्तीसोबत ताजी फुले ठेवावयाची, पत्तीने वास शोषून घेतला की फुले काढून टाकावयाची.

येथे धंद्याची एक मोठी गोष्ट कळते. चहाची सुकी पत्ती शेजारचा वास शोषते. ती चमेलीचा शोषते तशी साबणाचा, अगरबत्तीचा व रॉकेलचाही शोषते. कापडाच्या गोदामात चहाची खोकी ठेवणाऱ्या तरुणांना म्हणून आमची ताकीद आहे: गोदामातील डांबराच्या गोळ्यांचा वास पत्तीत एकदा शिरला की कितीही इलायची टाका, तो थंड कपात डोके वर काढतोच. चहाला स्वतंत्र, कोरडी व बंद जागा हवी.

चव काय सांगते?

इलायची. ही आपल्या लोकांची पहिली आवड. झाकलेल्या कपांत तीन पाकिटे इलायचीची होती. एकात इलायचीची भरड दिसत होती, दुसऱ्यात दिसण्यासारखे काहीच नव्हते, फक्त अर्काचा वास होता, आणि तिसऱ्यात दोन्ही होते. त्यांच्या जोडीला साध्या पत्तीत ताजी कुटलेली इलायची घालून चौथा कप ठेवला. पाकीट उघडताना अर्काचे पाकीट सर्वांत पुढे होते. गरम कपातही त्याने बाजी मारली. कोमट होताच ते मागे पडले आणि थंड झाल्यावर त्यात उरली ती उघडी पत्ती, चपटी आणि थोडी पोत्यासारखी. ताज्या इलायचीचा कप आरंभी मवाळ होता, पण शेवटच्या घोटापर्यंत तसाच राहिला. भरड असलेले पाकीट त्याच्या खालोखाल टिकले. ग्राहकाने घरी करावयाची परीक्षा याहून सोपी आहे. चमचाभर पत्ती कागदावर उघडी ठेवावी. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत वरवर फवारलेला वास उडू लागतो; दाण्यातला वास इतक्यात जात नाही.

अद्रक. येथे तर फरक घशालाच कळतो. अद्रकाचा वास त्याच्या उडणाऱ्या तेलात असतो, तिखटपणा मात्र त्या तेलात नसतो. तो वेगळ्या द्रव्यांत असतो व वाफेवर काढलेल्या तेलासोबत येत नाही. म्हणून ज्या पाकिटात केवळ अद्रकाचे तेल आहे त्याचा चहा नाकाला अद्रक आणि घशाला पाणी असा लागतो. वास येतो, पण ठसका येत नाही. सुंठेची गोष्ट उलट आहे. वाळताना अद्रकातील द्रव्य बदलून अधिक तिखट होते, त्यामुळे सुंठेच्या चहात ताज्या अद्रकाचा लिंबासारखा ताजेपणा कमी आणि जळजळ जास्त. दोन्ही चांगली आहेत, पण एकाच्या जागी दुसरे सांगून विकू नये. घरच्या माणसांसाठी आणखी एक सूचना: कच्चे अद्रक थेट दुधात पडले तर दूध फाटण्याचा धोका असतो, म्हणून ते आधी पाण्यात चांगले उकळून घ्यावे. काळ्या चहात ही अडचणच नाही.

मसाला. मसाला चहात सुंठ, मिरी, लवंग, इलायची व कलमी (दालचिनी) ही मंडळी साधारणपणे असतात. चवीला हा चहा सर्वांना आवडला, आणि व्यापारी म्हणून आम्हाला त्याचीच सर्वांत अधिक धास्ती वाटली. कारण लवंगेत जीभ किंचित बधिर करण्याचा गुण आहे आणि मिरी-सुंठेचा तिखटपणा चहाच्या मूळ तुरटपणावर स्वार होतो. मग पत्ती ताजी आहे की तीन पावसाळे पाहिलेली, हे जिभेला कळतच नाही. मुद्दाम म्हणून जुन्या, फिक्या पत्तीत चांगला मसाला घालून एक कप नंबरांत सरकविला होता. पाच जणांपैकी तिघांनी त्याला चांगला म्हटले. हॉटेलवाले गृहस्थ तेवढे म्हणाले की, याचा रंग आहे पण दम नाही. शिळा माल खपविण्याची सोय मसाला चहातच सर्वांत जास्त आहे, म्हणून मसाला चहाच्या पाकिटावर नाव छापणाऱ्याने सर्वांत जास्त जपून राहावे. कलमीच्या बाबतीतही बाजारात दोन प्रकार मिळतात: जाड, कठीण सालीची आणि पातळ, पदरापदरांची. दुसरी महाग व मवाळ असते. भाव पहिल्याचा लावला असेल तर नावही पहिल्याचेच सांगावे.

लिंबू. काळ्या चहात लिंबू पिळले की रंग एकदम उजळतो. भेसळ वगैरे काही नाही, आंबटपणामुळे चहाचा रंग फिका होतो एवढेच. लिंबू चहा गाळल्यावर पिळावे. उकळले तर कडसर लागते. पाकिटातील लिंबू चहात मात्र दोन जाती आहेत. एकात खरी पत्ती व लिंबाचा वास असतो. दुसरी म्हणजे पाण्यात विरघळणारी पूड. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावयाची असते, हे लक्षात ठेवून ती यादी वाचावी. विरघळणाऱ्या पुडीत पहिले नाव बहुधा साखरेचे निघेल. तेव्हा आपण चहा घेतो आहोत की साखर, हे ग्राहकाने ठरवावे.

गवती चहा. याच्यावर फार लिहिण्याची गरज नाही. अंगणात उगवतो, फुकट मिळतो आणि लिंबाशी नाते सांगणारा त्याचा वास काळ्या चहात सर्वांत नैसर्गिक बसतो. वाळविलेल्या गवती चहात निम्माही दम राहत नाही. ज्याच्या दारात हे गवत आहे त्याने त्याचे पाकीट विकत घेऊ नये, असेच आम्ही सांगू.

बर्गमॉट. इटलीच्या कॅलाब्रिया भागात होणाऱ्या या आंबट फळाच्या सालीचे तेल दिलेला चहा साहेबी हॉटेलांत ‘अर्ल ग्रे’ या नावाने मिळतो. आपल्या पाच जणांत तो एकालाच आवडला. पण सालीचा वास काळ्या पत्तीला किती शोभतो हे त्याने दाखवून दिले, आणि त्यातूनच आम्हाला आपल्या संत्र्याची आठवण झाली. त्याविषयी पुढे लिहू.

पाण्याचे काय?

हाच प्रयोग आम्ही अमरावतीत व अकोल्यात असा दोनदा केला. अमरावती शहर अप्पर वर्धा धरणाचे पाणी पिते, अकोला शहर काटेपूर्णेचे. दोन्ही ठिकाणी चहात फार फरक आढळला नाही. परंतु तीच पत्ती दर्यापूरकडील बोअरच्या पाण्यात टाकली तेव्हा चहा ओळखू येईना. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील जमिनीखालचे पाणी खारे. अशा पाण्यात चहाचा रंग काळपट व मेलेला दिसतो, तुरटपणाची धार जाते आणि कपावर पातळ साय धरते. ही साय दुधाची नसते. पाण्यातील क्षार व चहाचा अंश एकत्र येऊन ती बनते. लिंबाचे चार थेंब टाकले की ती बरीचशी नाहीशी होते. खारपाणपट्ट्यात लिंबाचा काळा चहा चांगला लागतो, त्यामागे हेही एक कारण असावे.

मोठ्या शहरातील कंपनी आपले मिश्रण एखाद्या नमुन्याच्या पाण्यावर ठरवते. ज्या गावात तो चहा उकळला जाणार, त्या गावचे पाणी स्थानिक व्यापाऱ्याला ठाऊक असते. दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याच्या गावांसाठी अधिक कडक पत्तीचे वेगळे मिश्रण करणे हे स्थानिक पाकिटाचे खरे बळ ठरू शकते. मुंबईच्या पाकिटाच्या वासाशी शर्यत करण्यापेक्षा ही वाट शहाणपणाची आहे.

हिशेब

एक कप चहाला घरी साधारण अडीच ग्रॅम पत्ती लागते. म्हणजे किलोत ४०० कप, पाव किलोत १०० कप. समजा, साधी पत्ती ३०० रुपये किलो व इलायचीची ४०० रुपये किलो आहे. तर वासासाठी ग्राहक कपामागे २५ पैसे, चार कपांना १ रुपया जास्त देतो. आता पाकिटावर इलायची २ टक्के लिहिलेली असेल, तर पाव किलोत ५ ग्रॅम इलायची झाली. एक दाणा सालीसकट साधारण पाव ग्रॅमच्या आतबाहेर, ०.२ ग्रॅम धरा. म्हणजे १०० कपांना २५ दाणे, चार कपांना एक दाणा. इलायची ३,००० रुपये किलो धरली तर तो दाणा ६० पैशांचा. चार कपांवर ४० पैशांचा फरक राहिला, त्यात कुटणे, मिसळणे, भरणे आले. हा सौदा वाईट नाही, सरळ आहे. पण पाकिटावर टक्केवारीच नसेल, किंवा थोडासा अर्क फवारून इलायचीचे चित्र मोठे छापले असेल, तर ग्राहक चित्राचे पैसे देतो. अर्क वापरण्यात गुन्हा नाही. तो थोडाही पुरतो आणि स्वस्त पडतो. मात्र त्याचा लाभ ग्राहकाच्या भावातही दिसावा.

कायदा काय म्हणतो?

पूर्वी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्याच्या जागी २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आला आणि २०११ मध्ये त्याखालचे नियम लागू झाले. त्या नियमांत चहासंबंधी चार गोष्टी तरुण व्यापाऱ्यांनी पाठ कराव्यात अशा आहेत. चहाला वरून रंग देता येत नाही. वास द्यावयाचा तो वनस्पतीपासून काढलेला नैसर्गिकच असावा. असा वास फक्त बंद पाकिटातील चहाला देता येतो, खुल्या पत्तीला नाही. आणि पाकिटावर हा वास दिलेला चहा आहे हे वासाच्या नावासह लिहावे लागते. वासाचा चहा बाजारात आणण्यापूर्वी चहा मंडळाकडे नोंदणी करण्याची अटही त्यांत घातली होती. हा धंदा सुरू करणाऱ्याने आजची अट काय आहे हे अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारून घ्यावे. दलालाच्या तोंडी आश्वासनावर छपाईचा खर्च करू नये.

कापडवाल्यांना यात नवल वाटू नये. १९८८ च्या नियमांनी कापडावर सुताची टक्केवारी छापणे आले, तेव्हाही बाजारात कुरकुर झाली होती. आज ६७ टक्के पॉलिएस्टर, ३३ टक्के कॉटन असा शिक्का नसलेला ताका आपणच घेत नाही. शिक्क्याने धंदा बुडाला नाही. उलट मिश्र कापड निःसंकोच विकता येऊ लागले. चहाचेही तसेच होईल.

खुली पत्ती घेताना दोन परीक्षा अवश्य कराव्यात. ओल्या पांढऱ्या गाळणकागदावर थोडी पत्ती पसरावी, पाणी शिंपडून थोड्या वेळाने पत्ती काढावी आणि कागद नळाखाली धुऊन उजेडात पाहावा. रंग दिलेली पत्ती कागदावर लगेच डाग सोडते. आपण कच्चा रंग ओल्या रुमालाने पुसून पाहतो, तीच ही रीत. दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. पत्तीवरून चुंबक फिरविला की लोखंडाचा कीस असल्यास चिकटून येतो. वापरलेली पत्ती वाळवून, रंगवून पुन्हा बाजारात आणण्याचे प्रकार देशात अनेकदा पकडले गेले आहेत. भाव संशय यावा इतका स्वस्त असेल तर या दोन परीक्षांशिवाय पैसे मोजू नयेत.

वऱ्हाडचा स्वतःचा वास

इलायची केरळातून येते, लवंग दक्षिणेतून व परदेशातून येते, पत्ती आसामातून येते. मग वऱ्हाडचे काय? आमच्या मते दोन जिन्नस आपल्या दाराशी असून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नाही.

पहिली संत्र्याची साल. वरूड-मोर्शीचा संत्रा साऱ्या देशात जातो. आंबिया व मृग असे दोन बहार, त्यामुळे फळ वर्षात दोनदा हाती येते, आणि साल उकिरड्यावर जाते. आम्ही बागेतून थेट आणलेल्या फळाची साल कोमट पाण्याने धुऊन, आतील पांढरा थर खरवडून, सावलीत वाळवून काळ्या चहात घातली. पांढरा थर राहिला तर चहा कडू होतो. हा कप पाचही जणांना पसंत पडला आणि थंड झाल्यावरही उतरला नाही. दोन गोष्टींची काळजी मात्र हवी. लांबच्या बाजारासाठी मेण चढविलेल्या फळाची साल घेऊ नये, आणि बागेत फवारणी कधी व कशाची झाली हे विचारल्याशिवाय तर मुळीच घेऊ नये. शिवाय सालीचे तेल हवेने बिघडते व त्याला जुनाट वास येतो, म्हणून वर्षाचा साठा करू नये.

दुसरी पानपिंपळी. अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या भागात बारी समाजाच्या शेतकऱ्यांनी पानमळ्यांसोबत हे पीक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. युनानी हकीम तिला फिलफिल दराज म्हणतात. तिचा तिखटपणा मिरीपेक्षा सावकाश चढतो व जास्त वेळ राहतो. मसाला चहात मिरीच्या जागी थोडी पिंपळी घातली तेव्हा चहा अधिक भरीव लागला. प्रमाण मात्र अगदी कमी ठेवावे लागते. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभे आहे. साल वाळविण्याची व पिंपळी साठविण्याची योग्य रीत तेथील जाणकारांना विचारून घेतली तर दोन पैसे शेतकऱ्याच्याही पदरात पडतील.

आमची सूचना

आमचा वासाच्या चहाला विरोध नाही. ग्राहकाला तो आवडतो, आणि आवडीचा माल देणे हाच व्यापार. आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी पत्ती कोरी चाखावी, थंड करून चाखावी, ज्या गावात विकावयाची त्या गावच्या पाण्यात चाखावी. ती स्वतःच्या पायावर उभी राहिली तरच तिला वास द्यावा. मग पाकिटावर चार गोष्टी सरळ मराठीत छापाव्यात: पत्ती कोणत्या भागाची, वास कशाचा, दाण्याचा की अर्काचा आणि किती, व पाकीट कधी भरले.

अमरावती व अकोल्याच्या किराणा आणि हॉटेल व्यावसायिकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून, नावे झाकून, बाजारातील माल चाखावा असेही आम्ही सुचवितो. याला खर्च काही नाही. पांढरे कप, एक छोटा काटा व तासभर वेळ. कर्ज काढून पाकीट छापणाऱ्या तरुणाला अशा बैठकीत पाच अनुभवी माणसे तोंडावर सांगतील की तुझा माल गरम कपात चांगला आहे, थंड कपात नाही. हे ऐकणे जड जाईल. पण तेच पाच हजार पाकिटे विकल्यावर गिऱ्हाइकाने सांगण्यापेक्षा स्वस्त पडेल, कारण गिऱ्हाईक सांगत नाही; ते पुढच्या महिन्यात दुसरे पाकीट उचलते. व्यापारी बांधवांनी यावर विचार करून आपली मते जरूर कळवावीत.